बहिरा डबा आणि उसने आकडे

टर्बो गाड्यांच्या नादी लागलेल्या मंडळींमध्ये एक मत आता पक्कं रुजलं आहे. इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर घ्या, तशीच गाडी असलेल्या कुणाकडून त्याचे आकडे मिळवा, डब्यात भरा, मोकळ्या रस्त्यावर गाडी चार वेळा पिळून त्याला ‘शिकू’ द्या, झालं. दाब वाढला की ताकद वाढते, आणि काही कमीजास्त झालंच तर इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, बघून घेतो. असं बोलणारे अडाणी नसतात. अनेकांना स्पॅनर नीट धरता येतो, काहींच्या गाड्या खरोखर पळतात, आणि त्यांच्या म्हणण्यात निम्मं तथ्यही असतं. अडचण उरलेल्या निम्म्याची आहे, कारण पिस्टन त्यातच वितळतात.

हा डबा नेमकं करतो काय, ते आधी पाहू. टर्बाइनकडे जाणाऱ्या एग्झॉस्टला बाजूने वाट करून देणारं झाकण म्हणजे वेस्टगेट. ते हलवणाऱ्या ॲक्चुएटरमध्ये एक पडदा असतो आणि त्याला रेटून धरणारी स्प्रिंग. कॉम्प्रेसरचा दाब बारीक नळीतून या पडद्यावर येतो. तो स्प्रिंगला भारी पडला की दांडा सरकतो, झाकण उघडतं आणि टर्बाइनचा वेग आवरला जातो. कंट्रोलर या नळीच्या वाटेत एक सोलेनॉइड बसवतो. सेकंदाला वीस-तीस वेळा उघडझाप करून तो पडद्याकडे निघालेल्या दाबातला काही भाग बाहेर सोडतो. पडद्याला खऱ्यापेक्षा कमी दाब कळतो, म्हणून झाकण उशिरा उघडतं. सोलेनॉइड दर उघडझापेत किती टक्के वेळ दाब बाहेर सोडतो, त्याला ड्यूटी म्हणतात. सगळी करामत एवढीच. म्हणजे कंट्रोलर ताकद निर्माण करत नाही. वेस्टगेटपासून खरी गोष्ट लपवतो.

यातून दोन मर्यादा आपोआप येतात, आणि त्या सांगितल्या की दुकानदार नाराज होतात. पहिली: स्प्रिंग 0.7 बारची असेल तर 0.5 बार मागून मिळणार नाही. ड्यूटी शून्य केली तरी स्प्रिंगचा आकडा हीच खालची पायरी. दुसरी: झाकण पूर्ण उघडं असूनही वरच्या आरपीएमला दाब चढतच राहिला, तर त्याचा दोष सेटिंगमध्ये शोधू नये. मोठा डाउनपाइप आणि मोकळा एग्झॉस्ट लावल्यावर हे हमखास दिसतं. तिथे वेस्टगेटचं भोकच लहान पडतं. ते मोठं करायचं की बाहेरचं वेस्टगेट लावायचं, हा वेल्डर आणि लेथ मशीनचा प्रश्न आहे; बटणं दाबून सुटणारा नाही. तरी लोक रात्र रात्र गेनचा, म्हणजे दाब चढताना वेस्टगेट किती उशिरापर्यंत मिटलेलं ठेवायचं त्याचा, आकडा खालीवर करत बसतात.

आता इतिहासाकडे वळतो, कारण ‘जास्त दाबासाठीच तर हे यंत्र निघालं’ हा दावा इतिहासात टिकत नाही. रस्त्यावरच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्सने बूस्ट सांभाळण्याचं काम नावारूपाला आणलं स्वीडनच्या साबने. 1982 च्या सुमारास त्यांनी 900 टर्बोला एपीसी नावाची यंत्रणा दिली. त्यामागचं मोठं नाव पेर गिलब्रांड या अभियंत्याचं. तिच्यात सोलेनॉइड होता, दाबाचा सेन्सर होता, आणि इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर होता. पेट्रोल हलकं निघालं आणि इंजिन नॉक करू लागलं, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून खडखडू लागलं, की यंत्रणा बूस्ट उतरवायची. पेट्रोल चांगलं असेल तर चढू द्यायची. या भरवशावर साबने त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन 7.2 वरून 8.5 वर नेलं. म्हणजे इंजिनचा आवाज ऐकून दाब आवरणं, हे या यंत्राचं मूळ काम. आज डॅशबोर्डवर चिकटवल्या जाणाऱ्या डब्यांनी सोलेनॉइड ठेवला, दाबाचा सेन्सर ठेवला, रंगीत पडदा वाढवला, आणि बहुतेकांनी कान तेवढे कापून टाकले. अशा डब्याला दाब कळतो. नॉक, मिश्रण, हवेचं तापमान यातलं काही कळत नाही. हे कळण्याची सोय माणसाने करायची असते, आणि सेटिंग म्हणतात ते बहुतांशी हेच काम आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: डब्याला कान नसतील, पण ईसीयूला आहेत ना? आहेत. त्याची किंमत बघा. हवा दाबली की तापते. 40 अंशांची हवा, टर्बोची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर अर्ध्या बार बूस्टला ती कॉम्प्रेसरमधून साधारण 95 अंशांनी बाहेर पडते. एक बारला 138 च्या आसपास. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढतो, पण कंपनीने दिलेला इंटरकूलर कंपनीच्या बूस्टपुरता असतो, आणि लागोपाठ दोन-तीनदा गाडी पिळली की तोही तापून बसतो. तापलेली, दाट हवा सिलिंडरमध्ये गेली की नॉक सुरू. ईसीयू इग्निशन मागे घेतो. इग्निशन मागे गेलं की वाढवलेल्या दाबाची कमाई निघून जाते आणि ज्वलन लांबून एग्झॉस्ट अधिक तापतो. मीटरवर 1.1 बार दिसतो, पोटात सुख वाटतं, आणि गाडी 0.9 ला होती तेवढीच पळते. टर्बाइन आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह तेवढे जास्त भाजतात. शिवाय ईसीयूच्या माघारीलाही एक हद्द असते. ती संपल्यावर त्याच्या हातात काही उरत नाही. त्यातून फोर्ज्ड पिस्टन आणि कडक माउंटिंग घातलेलं इंजिन असेल, तर त्यांच्या खडखडाटात नॉक सेन्सरला खरा नॉक ओळखणंही अवघड जातं.

आपल्याकडे यात इथेनॉलची भर पडते. साध्या पेट्रोलला हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण 14.7 धरतात, 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ते साधारण 13.5 वर येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन अधिक. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. जुन्या गाड्यांत फुल थ्रॉटलला मात्र तो हिशेबातून बाहेर असतो आणि ईसीयू आपल्या तक्त्यावर चालतो. तो तक्ता बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर लिहिलेला असेल, तर नेमक्या बूस्टच्या वेळी मिश्रण पातळ. इथेनॉल नॉकला चांगला प्रतिकार करतं, हे खरं. पण इंजेक्टर आधीच 85 टक्क्यांवर चालत असतील तर अधिकचं पेट्रोल येणार कुठून? कंट्रोलरच्या पडद्यावर याची एक रेघही उमटत नाही. त्यासाठी मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लागतो. तो घ्यायचं निघालं की हीच मंडळी म्हणतात, एवढा खर्च कशाला, बूस्ट तर स्थिर आहे.

मधूनच कुणीतरी फॉर्म्युला वनचं उदाहरण काढतो. तिथे ड्रायव्हर कॉकपिटमध्ये बसून बूस्टचं बटण फिरवत, मग आपण का नको? फिरवत, हे खरं आहे. 1986 मध्ये बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं चार सिलिंडरी इंजिन क्वालिफाइंगला 5 बारच्या पुढे दाब घेई आणि हजाराहून पुष्कळ अधिक घोडेशक्ती देई. ते इंजिन मोजक्याच फेऱ्यांसाठी बांधलेलं असे. शर्यतीच्या दिवशी बटणाचा खरा उपयोग उलट्या दिशेने होता, कारण पेट्रोल मोजून मिळे: 1984 आणि 1985 ला 220 लिटर, पुढे 195, आणि 1988 ला टर्बो गाड्यांना 150. 1985 साली इमोलाला आघाडीवरच्या सेना या ड्रायव्हरचं पेट्रोल शेवटच्या काही फेऱ्यांत संपलं. मग योहानसन पुढे आला आणि त्याचंही संपलं. त्या काळात बूस्ट वेळेवर उतरवणं हे ड्रायव्हरचं कसब मानलं जाई. उदाहरण द्यायचंच तर पूर्ण द्यावं.

आता उसन्या आकड्यांकडे. ‘त्याने ड्यूटी 42 ठेवलीय, गेन 25, तूही तेच भर.’ असा सल्ला देणाऱ्याला विचारावं: त्याच्या ॲक्चुएटरची स्प्रिंग कितीची आहे? नळी किती लांब? एग्झॉस्ट कुठला? ड्यूटी हा दाबाचा आकडा नाही, सोलेनॉइडच्या उघडझापेचा आहे. तोच 42 एका गाडीत 0.9 बार देईल, दुसरीत 1.3. दाब ड्यूटीच्या सरळ प्रमाणात वाढतही नाही. एका टप्प्यावर दोन टक्क्यांनी सुई हलत नाही आणि पुढच्या दोन टक्क्यांत उडी मारते.

बरं, दाबाचाच आकडा उसना घेतला तर? निसान स्कायलाइन जीटी-आरचं उदाहरण घ्या, आर32, 1989 ची. 2.6 लिटरचं आरबी26डीईटीटी इंजिन, दोन टर्बो. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे कागदावर 280 पीएस. तिच्या बूस्टच्या नळीत कारखान्यानेच एक बारीक भोकाचा अडथळा बसवला होता. तो काढला की कंट्रोलरवाचूनच दाब एक बारच्या आसपास जाई. जपानात आणि ऑस्ट्रेलियात असंख्य लोकांनी तो काढला, आणि ‘जीटी-आरला एक बार चालतो’ हे वाक्य रूढ झालं. पण साध्या जीटी-आरच्या टर्बाइनची चक्रं सिरॅमिकची होती. वजनाला हलकी, म्हणून झटकन वेग घेणारी; उष्णता आणि वेग वाढला की शाफ्टवरून निखळणारी. शर्यतीसाठी काढलेल्या एन1 आवृत्तीत चक्रं धातूची होती. बाहेरून तीच गाडी, बॉनेटखाली त्याच नावाचं इंजिन, आणि एक बार हा आकडा एकीला सहज पेलणारा, दुसरीला घातक. आकडा देणाऱ्याने खोटं सांगितलेलं नसतं. त्याची गाडी वेगळी असते.

आणि एकाच गाडीचं सेटिंगदेखील सगळीकडे सारखं नसतं. बूस्टचा मीटर भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे ते सांगतो. मुंबईत 0.8 बार म्हणजे टर्बो हवा साधारण 1.8 पट दाबतोय. महाबळेश्वरला, 1,350 मीटर उंचीवर, हवेचा दाब 0.86 बारच्या आसपास उतरतो. तिथे तोच 0.8 मिळवायला टर्बोला 1.93 पट दाबावं लागतं. सुई तिथेच, पण चक्र अधिक वेगात आणि हवा अधिक तापलेली. हीच गत गिअरची. दुसऱ्या गिअरला इंजिन झपकन वर जातं आणि दाब पूर्ण चढायला वेळ मिळत नाही. तिथे जुळवलेली ड्यूटी चौथ्या गिअरला घाटाच्या चढावर वेगळाच, अधिक दाब देते. डिसेंबरच्या रात्री पुण्यात दुसऱ्या गिअरवर केलेलं सेटिंग मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर चौथ्यात वापरणारा माणूस केवळ नशिबावर चाललेला असतो.

‘म्हणून तर सेल्फ-लर्निंग आहे’ हा त्यावरचा हुकमी एक्का. शिकतो म्हणजे काय करतो? दाब ठरवलेल्या आकड्याच्या पुढे किंवा मागे गेला की पुढच्या वेळी ड्यूटी सुधारतो. पुढे गेल्याशिवाय त्याला पुढे गेल्याचं कळत नाही. ही उडी बहुधा मधल्या आरपीएमला बसते, जिथे टॉर्क सर्वाधिक असतो आणि नॉकची भीतीही. गेन जास्त असेल तर वेस्टगेट शेवटपर्यंत मिटलेलं राहतं आणि सुई 1 बारच्या जागी 1.25 ला टेकून परत येते. तेवढ्यात नुकसान होऊ शकतं. डबा मात्र समाधानी, कारण पुढच्या वेळी त्याने नेमका 1 दिला. शिवाय हे शिक्षण चालतं कुठे? तिसऱ्या गिअरला लाल रेषेपर्यंत गाडी नेली की मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेची 100 ची मर्यादा मागे पडते. डायनोचं, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचं, भाडं वाचवण्यासाठी बाजूच्या लेनमधल्या कुटुंबाला या प्रयोगात ओढायचं कारण मला समजत नाही.

काही गाड्यांना तर दुसऱ्या डब्याची गरजच नसते. 2004 ला आलेली ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडच्या टर्बोप्रेमींची लाडकी; जोडणी औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, इंजिन 1.8 टर्बो, 150 पीएस. या इंजिनात एन75 नावाचा सोलेनॉइड कारखान्यातूनच येतो. तोच तिचा इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर, आणि त्याला हुकूम देणाऱ्या ईसीयूला नॉकही ऐकू येतो. त्याला बाजूला सारून बाहेरचा डबा लावला की एका वेस्टगेटला दोन मालक होतात. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेला ईसीयू अनपेक्षित दाब दिसताच थ्रॉटल मिटतो, पी0234 हा कोड टाकतो, गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद आवरून. मालक म्हणतो कंट्रोलर खराब. चाकणच्या 1.0 टीएसआयला तर वेस्टगेट हलवायला विजेची मोटर आहे. सोलेनॉइड जोडायला नळीच नाही. अशा गाड्यांत जे करायचं ते ईसीयूच्या तक्त्यात, जाणत्या माणसाकडून. वेगळा डबा शोभतो तो जुन्या, नळी-पडद्याच्या टर्बोला किंवा पूर्ण बांधून काढलेल्या इंजिनाला.

विरुद्ध टोकाचे लोकही मला पटत नाहीत. ‘कंट्रोलर लावला की इंजिन गेलंच समजा’ हे जुन्या मिस्त्रींचं म्हणणं आळशी आहे. नीट बसवलेला थ्री-पोर्ट सोलेनॉइड बंद पडला तर दाब स्प्रिंगवर उतरतो, वर जात नाही. अट एकच: वीज नसताना कॉम्प्रेसर ते ॲक्चुएटर ही वाट उघडी राहील अशाच पोर्टना नळ्या जोडायच्या. उलट्या जोडल्या की पहिल्याच वेळी सुई टोकाला. आणि गोळी-स्प्रिंगचा साधा, हाताने फिरवायचा व्हॉल्व्हही काही वाईट नाही. एकच दाब हवा असेल तर तो दाब झटकन चढवतो आणि फारसा त्रास देत नाही.

मग सेटिंग कसं करावं? सुरुवात डब्याला हात न लावता. दाब देऊन सगळ्या जोडांची गळती तपासायची, प्लग एक पायरी थंड घ्यायचे. ॲक्चुएटरची नळी कॉम्प्रेसरच्या तोंडावरून, आखूड, वाटेत टी-जोड न घालता, दोन्ही टोकांना क्लिप. कंट्रोलरच्या सेन्सरची नळी मात्र थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवरून. सोलेनॉइड एग्झॉस्टपासून दूर. मग डबा बंद ठेवून नुसत्या स्प्रिंगवर गाडी डायनोवर पूर्ण ओढायची. दाब, मिश्रण आणि नॉक तिन्हींची नोंद. इथेच दाब वर सरकत असेल तर थांबायचं, पुढे जाण्यात अर्थ नाही. स्थिर असेल तर गेन शून्यावर आणि ड्यूटी अगदी थोडी. वरच्या गिअरला ओढायची, वाचायचं, दोन-तीन टक्के वाढवायचं, मध्ये इंटरकूलर थंड होऊ द्यायचा. मिश्रण 12 च्या वर पातळ होताना दिसलं किंवा नॉक ऐकू आला की तो दाब सोडून मागे यायचं, मग ठरवलेला आकडा कितीही गोंडस असो. ड्यूटी ठरल्यावर गेन वाढवायचा, सुई ठरल्या दाबाच्या पुढे उडू लागली की एक पायरी खाली. गॅरेजवाल्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं, कारण यात गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं काही नसतं.

ओव्हरबूस्टच्या मर्यादेबद्दलचा गैरसमज मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. डब्यात 1.2 ची मर्यादा घातली, आता काळजी नाही, असं लोक मानतात. मर्यादा ओलांडली की डबा ड्यूटी शून्यावर आणतो, बस. ॲक्चुएटरची नळीच निसटली असेल तर शून्य ड्यूटीनेही पडद्याला दाब मिळत नाही, वेस्टगेट मिटलेलंच राहतं आणि डबा पिप-पिप करत बसतो. अशा वेळी इंजिन वाचवतो तो ईसीयूचा फ्युएल कट. आणि बाजारात फ्युएल कट डिफेंडर नावाची वस्तू मिळते, जी मॅनिफोल्डच्या सेन्सरचा सिग्नल एका पातळीला गोठवून ईसीयूला ‘दाब ठीक आहे’ असं भासवते. वेस्टगेटपासून दाब लपवला, मग ईसीयूपासूनही. वाढत्या हवेला वाढतं पेट्रोल द्यायचं कळणार कुणाला? कंट्रोलरसोबत ही वस्तू फुकट देणाऱ्या दुकानातून कंट्रोलरही घेऊ नये.

‘एवढी बंधनं असतील तर घ्यायचाच कशाला?’ असं विचारतात. घ्यावा, कारण साध्या व्हॉल्व्हला न जमणाऱ्या काही गोष्टी त्याला जमतात. पावसाळ्यात आणि हलक्या पेट्रोलवर स्प्रिंगचा दाब, कोरड्या दिवशी वरचा, एका बटणावर. काही डब्यांत गिअरनुसार वेगळा दाब: पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरचा जास्तीचा बूस्ट टायर जाळण्यापलीकडे काही करत नाही. आणि चांगल्या डब्यात आरपीएमनुसार ड्यूटीचा तक्ता भरता येतो. लहान टर्बो वरच्या आरपीएमला कार्यक्षमतेबाहेर जातो. तिथे त्याला ताणलं तर हवेपेक्षा उष्णताच जास्त मिळते, म्हणून शेवटच्या हजार-दीड हजार आरपीएमला ड्यूटी उतरवत न्यायची असते. सेटिंगसाठी आलेल्या गाड्यांचे तक्ते उघडून पाहतो तेव्हा ही शेवटची घरं बहुतेकांनी हातही न लावता सोडलेली असतात. 3,000 पासून लाल रेषेपर्यंत एकच आकडा, आणि तोही दुसऱ्याच्या गाडीचा.